अहो कोच, टाइमआउट घ्या

पितळेची एक पट्टी आणि दोन स्क्रू. मी चाळीस वर्षं हार्डवेअरच्या दुकानात काढली आहेत, तेव्हा या कामाचा अंदाज चुकायला नको होता. माझ्या मते चार मिनिटं. खुर्चीचं लाकूड कठीण निघालं तर पाच. प्रत्यक्षात पाच महिने लागले, आणि तेवढ्यात बेल्डनमधल्या निम्म्या लोकांनी माझ्याशी बोलणं सोडलं. उरलेल्या निम्म्यांनी बोलणं सोडलं नाही, हा त्याहून मोठा त्रास होता.

माझी बायको लोरीन एप्रिलमध्ये गेली. आमच्याकडे इंडियानात कोणी गेलं की शेजारीपाजारी काचेच्या ट्रेमधून जेवण आणून देतात. बटाटे, नूडल्स, वर चीज, सगळं भट्टीत भाजलेलं. माझ्याकडे सतरा ट्रे आले. प्रत्येकाच्या तळाशी चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. जूनपर्यंत मी तेच खात होतो. जेवणाला नावं ठेवत नाही, पण चीजखाली काय आहे हे दर वेळी उशिराच कळायचं.

जूनमध्ये कॉलेजच्या क्रीडा विभागाचं पत्र आलं. स्टेडियममधले जुने बाक काढून खुर्च्या बसवणार होते. सातव्या ओळीतली अकरा नंबरची जागा लोरीनच्या नावावर होती, बारा नंबरची माझ्या. नियम असा, की जागेचा मालक वारला तर ती जागा प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाला जाते. पण घरच्यांनी तिच्यावर स्मृतिपट्टी लावली तर जागा घराकडेच राहते. पट्टीवर चाळीस अक्षरं चालतील. मंजुरी पंधरा ऑक्टोबरच्या आत.

मला ती जागा हवी होती. त्यात फार खोल काही नाही. अडतीस वर्षं माझ्या डाव्या कोपराला लोरीनचं उजवं कोपर लागत होतं. तिथे कोणी अनोळखी माणूस शेंगदाणे खात बसला तर मला ते जमणार नव्हतं.

पट्टीवर काय लिहायचं याचा मी विचारही केला नाही. लोरीन म्हटलं की बेल्डनमध्ये एकच वाक्य आठवतं. मी अर्जात लिहिलं: लोरीन फ्राय. अहो कोच, टाइमआउट घ्या!

आता त्या वाक्याबद्दल सांगायला हवं. छत्तीस वर्षांपूर्वी बेल्डन कॉलेज पहिल्यांदा आणि शेवटचं बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात पोचलं. आमचे कोच होते रॉस विटमर. शेवटची चाळीस सेकंदं राहिली होती, आपण दोन गुणांनी मागे, आणि आपला खेळाडू एकेका गुणाचे दोन फ्री थ्रो टाकायला उभा. अशा वेळी आपलं स्टेडियम चिडीचूप होतं. त्या शांततेत लोरीन ओरडली. रेडिओवाल्याचा माइक उघडा होता. चार जिल्ह्यांनी ते ऐकलं.

कोचनी टाइमआउट घेऊन खेळ थांबवला नाही. त्यांच्याकडे तीन शिल्लक होते. पहिला फ्री थ्रो पडला, दुसरा हुकला. मग समोरच्यांचा नेम चुकला, अकरा सेकंद असताना चेंडू आपल्याकडे आला, आणि कोच हाताची घडी घालून बाकावर बसून राहिले. आपल्या मुलांनी चेंडू एकमेकांना दिला, परत दिला, पुन्हा दिला, आणि भोंगा वाजला तेव्हा तो आपल्याच मुलाच्या हातात होता. एका गुणाने हरलो.

त्या दिवसापासून गावात दोन पक्ष आहेत. घडीवाले म्हणतात, कोचनी मुलांवर विश्वास टाकला, एकतीस वर्षं त्यांनी मुलांना स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकवलं, आणि आयुष्यात कोणी टाइमआउट देत नाही. टाइमआउटवाले म्हणतात, तीन शिल्लक होते, घरी नेऊन लोणचं घालायचं होतं का? यावर लग्नं मोडलेली नाहीत, पण दोन जुळली नाहीत हे मला ठाऊक आहे. रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट आमच्याकडे एका टेबलावर बसून ॲपल पाय खातात. घडीवाले आणि टाइमआउटवाले खात नाहीत.

मी कुठल्या पक्षाचा, हे कोणी विचारलं नाही. मी लोरीनचा नवरा होतो.

आणि आता जे लिहितो ते फक्त मला आणि तिला माहीत होतं. थोरली मुलगी तेव्हा पोटात होती, आठवा महिना. लोरीनला लघवीला जायचं होतं. सामन्याच्या उत्तरार्धाच्या सुरुवातीपासून जायचं होतं. सातव्या ओळीच्या मधून बाहेर पडायचं तर अकरा माणसांचे गुडघे ओलांडायचे, आणि परत येईपर्यंत सामना संपलेला. टाइमआउट मिळाला असता तर ती जाऊन आली असती. एवढंच.

सोमवारी वर्तमानपत्रात आलं, 'सातव्या ओळीतल्या एका स्त्रीला जे दिसलं ते कोचना दिसलं नाही.' लोरीनने ते दोनदा वाचलं, घडी करून ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "हर्शल, तू हे कोणाला कधीही सांगायचं नाहीस." मी बरं म्हणालो. तोवर ती बेल्डनमध्ये हार्डवेअरवाल्याची बायको होती. त्या सोमवारनंतर लोक तिला वाण्याकडे थांबवून विचारायला लागले, की उद्या कोणाला खेळवावं. पहिल्या वर्षी तिने थापा मारल्या. दुसऱ्या वर्षी तिने एक वही आणली आणि प्रत्येक सामन्यातला प्रत्येक टाइमआउट लिहायला लागली, किती मिनिटांनी, कोणी, का, आणि पुढे काय झालं. दहाव्या वर्षी तिच्याएवढं कळणारं गावात कोणी नव्हतं. तेव्हा तिला फसवी म्हणता येणार नाही. सुरुवात तेवढी वेगळ्या कारणाने झाली.

तर मी अर्ज घेऊन क्रीडा विभागात गेलो. तिथे मार्लिस टोबिन बसतात. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"मिस्टर फ्राय, हे वाक्य कोणाला उद्देशून आहे?"

"कोच विटमरना."

"म्हणजे ही टीका आहे."

"विनंती आहे. 'अहो' म्हटलंय."

त्यांनी नियमावली काढली. "संस्थेच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांवर टीका चालत नाही. विनंतीबद्दल काही लिहिलेलं नाही. आणि हे उद्गारचिन्ह?"

"ती ओरडली होती."

"भावना दाखवणारी चिन्हं नकोत असं आहे इथे." त्यांनी पेन्सिलीने त्याच्याभोवती गोल काढला. "समितीकडे पाठवावं लागेल."

"समिती कधी बसते?"

"समिती नाहीये. तुमच्या अर्जामुळे नेमावी लागेल."

माझं दुर्दैव असं, की त्याच महिन्यात कॉलेजमध्ये स्टेडियममधल्या नव्या मैदानाला कोचचं नाव द्यायचं घाटत होतं. मला खरंच माहीत नव्हतं. पण संध्याकाळी गस लॅम्पर्ट कुंपणाशी येऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की त्याच्या मते मला सगळं माहीत होतं. गस माझा डावीकडचा शेजारी, घडीवाल्यांचा म्होरक्या. लोरीनच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता.

"हर्शल, तुझ्या दुःखात मी तुझ्याबरोबर आहे," तो म्हणाला. "पट्टीत नाही."

"दोन स्क्रू आहेत, गस."

"कोच एकोणनव्वद वर्षांचे आहेत. मैदानाला त्यांचं नाव लागणार, आणि सातव्या ओळीतून तुझी बायको त्यांना कायमची ओरडत राहणार. नाव लिही, तारखा लिही, खाली 'प्रेमळ पत्नी' लिही."

"'प्रेमळ पत्नी' वाचून ती उठून जाईल."

गसने त्यावर विचार केला. तो तिच्याशी याच कुंपणाशी उभा राहून छत्तीस वर्षं भांडला होता. "ते खरं आहे," तो म्हणाला, आणि आत जाऊन त्याने अंगणात लावायचा फलक रंगवायला घेतला. सकाळी त्याच्या हिरवळीवर पाटी उभी होती: हाताची घडी, मुलांवर विश्वास.

उजवीकडे ग्लेनडा पायल राहते. ती केस कापायचं दुकान चालवते आणि टाइमआउटवाली आहे. गसची पाटी बघून ती गाऊनवरच माझ्या दारात आली.

"हर्शल, एक इंचही मागे हटू नकोस. आम्ही सह्या गोळा करतोय."

"सह्या नकोत गं. मला फक्त खुर्ची हवी आहे."

"ही खुर्चीची गोष्टच नाहीये. त्या दिवशी डावी बाजू मोकळी पडली होती, आणि अख्ख्या स्टेडियममध्ये ते एकट्या लोरीनला दिसलं. मी तिच्या मागच्या ओळीत होते. ती डावीकडेच बघत होती."

बघत होती हे खरं. डावीकडे बायकांच्या स्वच्छतागृहाचं दार होतं.

जुलैअखेर ग्लेनडाकडे चारशे सह्या झाल्या. तिने सदरे छापून घेतले, पुढे लोरीनचं वाक्य, मागे एक मोठं तीन. छापणाऱ्याने सगळे एकाच मापाचे पाठवले, सर्वांत मोठ्या. ऑगस्टमध्ये बेल्डनच्या रस्त्यांवरून बायका गुडघ्यापर्यंतचे सदरे घालून फिरत होत्या, आणि परगावच्या लोकांना वाटत होतं की आमच्याकडे नवा पंथ निघालाय. ग्लेनडाने मलाही एक दिला. छातीवर बायकोची ओरड घालून मी कुठे जाणार? मी तो कपाटात ठेवला, तर ती विचारायला आली की घातला का नाही.

मग ट्रे परत मागायला सुरुवात झाली. घडीवाल्यांच्या बायका एकेक करून आल्या, तब्येतीची चौकशी केली, आणि म्हणाल्या, आमचा ट्रे झाला असेल तर. गसच्या बायकोचा ट्रे अजून अर्धा भरलेला होता. ती म्हणाली, राहू दे, तसाच नेते. मला आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकांनी माल परत केला आहे. माझ्याकडून सांत्वन परत नेणारी ती पहिलीच.

मेथडिस्ट चर्चच्या वार्षिक जेवणात दोन टेबलं लागली, मध्ये मोकळी वाट. मी दोन्हीकडे बसलो नाही. स्वयंपाकघरात उभ्याने पर्सिमनच्या फळाचं पुडिंग खाल्लं. तिथे ताटं विसळणाऱ्या बाईने विचारलं, की लोरीनचा जोर 'कोच'वर होता की 'घ्या'वर. त्यावर म्हणे बरंच अवलंबून होतं.

सप्टेंबरमध्ये समिती नेमली. अध्यक्ष प्रोफेसर पेंडल्टन, धर्मशास्त्राचे. त्यांना बास्केटबॉलमधलं काहीही कळत नाही, म्हणून निःपक्षपाती. समितीने कळवलं की खुद्द कोच विटमर यांचं ना-हरकत पत्र आणावं.

कोच गावाबाहेर मुलीकडे राहत. मी गेलो तेव्हा ते खिडकीशी बसून पक्ष्यांना दाणे घालायचा डबा भरत होते. मुलीने कॉफी दिली आणि ती बागेत गेली. मी अर्ज दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन वाचला.

"ही तुझी बायको होती?"

"हो, कोच."

"मला ती दिसली होती. आवाज आला म्हणून मी वर बघितलं. सातव्या ओळीत एक पोटुशी बाई उभी, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, या बाईला या खेळाचं किती लागतंय." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तुझी बायको मोजत होती. मी मोजत नव्हतो."

"म्हणजे काय?"

"मला वाटलं माझे संपले. शिल्लक नसताना टाइमआउट मागितला तर पंच दंड करतो, समोरच्यांना फुकटचा फ्री थ्रो मिळतो. म्हणून मी हाताची घडी घातली. हात मोकळे राहिले असते तर माझ्याकडून खूण होऊन गेली असती."

"मग ते मुलांवर विश्वास वगैरे?"

"ते पेपरवाल्याने लिहिलं. सोमवारी वाचलं तेव्हा मलाही बरं वाटलं."

खिडकीबाहेर एक लाल पक्षी येऊन बसला. कोच त्याच्याकडे बघत म्हणाले, "तीन होते. मी छत्तीस वर्षं म्हणतोय, त्या बाईचं ऐकायला हवं होतं. निदान एकीला तरी माहीत होतं."

खरं कारण माझ्या ओठांवर आलं होतं. पण एकोणनव्वद वर्षांच्या माणसाला जगात एकच शहाणा माणूस भेटलेला, तो मी त्याच्याकडून काढून घ्यायचा म्हणजे काय. मी कॉफी प्यायलो.

"मी असेपर्यंत हे बोलू नकोस," ते म्हणाले. "गस लॅम्पर्टला फार लागेल. त्याने मुलाचं नाव रॉस ठेवलंय." मी बोललो नाही. कोच या मार्चमध्ये गेले, म्हणून लिहितो. गस पुस्तकं वाचत नाही.

चौदा ऑक्टोबरला, मुदतीच्या आदल्या दिवशी, दुपारी दोनला कॉलेजच्या भोजनगृहात सभा झाली. डावीकडे सदरेवाले, उजवीकडे हाताची घडी घालून बसलेले. प्रोफेसर पेंडल्टननी कोचचं पत्र वाचलं: 'माझी हरकत नाही. बाईंचं बरोबर होतं. रॉस विटमर.'

मला वाटलं संपलं. गस उभा राहिला, डोळे ओले.

"बघा, किती मोठं मन. स्वतःकडे कमीपणा घेतला त्या माणसाने. आणि आपण त्यांच्या मोठेपणाचा गैरफायदा घ्यायचा? हे पत्र वाचल्यावर तर पट्टी मुळीच लागता कामा नये."

"बरोबर होतं असं त्यांनीच लिहिलंय, गस," ग्लेनडा म्हणाली. "तुला वाचता येतं ना?"

"ग्लेनडा, तू माझ्या बायकोचे केस कापतेस म्हणून मी गप्प आहे."

"मीही हात आवरलाय. तिने सांगितले होते त्याहून लांबच ठेवलेत."

प्रोफेसर पेंडल्टननी हात वर केला. "माझी एक शंका आहे. टाइमआउट म्हणजे नक्की काय?"

मग दोन्ही बाजूंनी त्यांना समजावलं. अर्धा तास गेला. एवढ्या वेळात ते फक्त इतकंच समजले की खेळ थांबतो. ते माझ्याकडे वळले.

"मिस्टर फ्राय, तुम्ही त्यांच्या शेजारी होता. ही टीका असेल तर नियमाने मला नाही म्हणावं लागेल, आणि उद्या ती जागा यादीत जाईल. टीका नसेल तर प्रश्नच नाही. तुमच्या पत्नीला काय म्हणायचं होतं?"

मी उभा राहिलो. मी बरं म्हणालो होतो, ते तिला. पण जागाही तिचीच होती. दोन्हीपैकी एक जाणार होतं, आणि विचार करायला मला एक मिनिटही कोणी देणार नव्हतं.

"टीका नव्हती," मी म्हणालो. "तिला लघवीला जायचं होतं."

कोणीतरी खुर्ची सरकवली. मी पुढे सांगितलं. आठवा महिना, अकरा माणसांचे गुडघे, डावीकडचं दार. खालच्या आवाजात सांगितलं, पण भोजनगृहात आवाज घुमतो.

पहिल्यांदा ग्लेनडा बोलली. "हर्शल, तुला बरं नाहीये."

"खरं सांगतोय."

"माझा काका असाच झाला होता. बायको गेली आणि सहा महिन्यांनी तिच्याबद्दल वाटेल ते बोलायला लागला." तिने सदऱ्यावरच्या वाक्यावर बोट ठेवलं. "त्या बाईने मला हा खेळ शिकवला."

गस उठला. तो मोजकी पावलं टाकत मधली वाट ओलांडून माझ्यापाशी आला. इतक्या वर्षांत ती वाट कोणी ओलांडली नव्हती.

"मी तिच्याशी छत्तीस वर्षं वाद घातला," तो म्हणाला. "हिवाळ्यात, बर्फात उभं राहून. एकदाही जिंकलो नाही. आणि तू आता म्हणतोस की मी एका लघवीशी वाद घालत होतो?"

"त्यानंतर ती शिकली, गस."

"ती चुकत होती. शेवटपर्यंत चुकत होती. पण तिला डोकं होतं." तो अध्यक्षांकडे वळला. "माझी हरकत मागे घेतो. पट्टी लागलीच पाहिजे. जे ती बोलली तेच लिहा, आणि चांगल्या मोठ्या अक्षरांत. नाहीतर हा माणूस तिच्याबद्दल गावभर काय काय सांगत सुटेल."

"अनुमोदन," ग्लेनडा म्हणाली. तिची उद्गारचिन्हाचीही मागणी होती. तीही मंजूर झाली. मतदान एकमताने. बेल्डनमध्ये या विषयावर एकमत होण्याची ही पहिलीच वेळ, आणि ते माझ्याविरुद्ध होतं. बाहेर पडताना गस आणि ग्लेनडा एकमेकांशी बोलत होते. मला डॉक्टरकडे कोणी न्यायचं, हे ठरवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मार्लिस टोबिनकडे गेलो. मंजुरीचा कागद तयार होता. खाली एक अट टाइप केलेली होती.

"समितीने घातली आहे," त्या कागदाकडे बघतच म्हणाल्या. "दिवंगत श्रीमती फ्राय यांनी सदर वाक्य कोणत्या कारणाने उच्चारलं, याबद्दल अर्जदार यापुढे सार्वजनिक ठिकाणी काहीही बोलणार नाही."

"बरं," मी म्हणालो.

"वाईट वाटून घेऊ नका, मिस्टर फ्राय. त्यांच्या नावाला जपायचं, एवढाच हेतू आहे."

"नाही, ठीक आहे. तिचंही तेच म्हणणं होतं."

मार्लिसबाईंनी बोटाने जागा दाखवली, मी सही केली. त्यांनी शिक्के मारले, कागद वेगळे केले, एक प्रत मला दिली आणि एक फायलीत लावली. तिसरी प्रत टेबलावर उरली होती. ती दिवंगताला द्यायची पद्धत असते का, हे विचारायचं माझ्या मनात आलं होतं, पण बाई कामात होत्या.